नर्मदा परिक्रमा : पहिले नऊ दिवस, थंडी आणि पाठीवरचं ओझं (सल्ला हवा आहे)

तलावपाळी | २८ डिसेंबर, दुपारी २:१०

नर्मदे हर मंडळी.

खलघाटच्या पुलाच्या अलीकडे, दक्षिण तटावर एका आश्रमात आहे. आज मुक्काम वाढवलाय, म्हणून निवांत लिहिते. मी नौपाड्याची, धाकटी बहीण ऐरोलीची. ३० नोव्हेंबरला मी निवृत्त झाले. कल्याणहून रात्रीच्या गाडीने खंडवा, तिथून बसने ओंकारेश्वर, आणि २० डिसेंबरला संकल्प करून आम्ही दोघी चालायला लागलो. मैया उजव्या हाताला. माझ्या मोबाइलच्या हिशेबाने शंभरच्या आसपास किलोमीटर झालेत. अजून सगळंच व्हायचंय, कारण नदीच १३१२ किलोमीटरची आणि आपल्याला दोन्ही काठ चालायचेत.

इथल्या परिक्रमेच्या जुन्या धाग्यांवर अनुभव खूप आहेत, पण बहुतेक पूर्ण झाल्यावर लिहिलेले. तोवर पहिल्या आठवड्याचं दुखणं पुसट झालेलं असतं. म्हणून ताजं असतानाच लिहून ठेवते आणि शेवटी एक प्रश्न विचारते.

थंडीपासून सुरुवात करते, कारण घरी सगळ्यात जास्त भीती तिचीच घेतली होती. आपण ठाण्याची माणसं. डिसेंबरातही पंखा एकवर ठेवून झोपतो. त्यामुळे 'निमाडात रात्री पारा दहाच्या खाली जातो' एवढं ऐकलं आणि खरेदीला लागलो. स्लीपिंग बॅग, जाड जॅकेट, दोन स्वेटर, कानटोपी, चार जोड कपडे, वर डबाभर लाडू, चिवडा, भाजणी. निघायच्या आदल्या दिवशी खालच्या रद्दीवाल्याच्या काट्यावर माझी सॅक टांगली. दोन लिटर पाण्यासह १३ किलो २०० ग्रॅम.

इथे आल्यावर कळलं की थंडी दिवसभर नसतेच. सकाळी नऊपर्यंत हातापायांची बोटं आखडतात, दहा वाजता स्वेटर निघतो, बाराला डोक्यावर पदर घ्यावा लागतो इतकं ऊन. खरी थंडी दोनदा गाठते. एकदा मावळतीला, घामाने ओला झालेला पाठीचा भाग वाऱ्याला लागतो तेव्हा. आणि दुसऱ्यांदा पहाटे तीनच्या पुढे, तीसुद्धा अंगावरून नाही, खालून. दुसऱ्या रात्री एका देवळाच्या ओसरीवर फरशीवर आसन लावलं. सतरंजी होती, तिच्यावर स्लीपिंग बॅग होती, जॅकेट अंगात होतं, तरी कंबर गार पडली. अंगाच्या भाराने स्लीपिंग बॅगेतला खालचा कापूस दबतो, त्यात हवा राहत नाही आणि मग फरशी ऊब ओढून घेते. तिसऱ्या दिवशी बहिणीने तिची फोमची चटई मला दिली आणि स्वतः गवताच्या पेंढ्यावर झोपली. दोघींनाही झोप लागली. जॅकेटने जे झालं नाही ते चारशे ग्रॅमच्या चटईने केलं.

घाटाशेजारी झोपायची हौस असेल तर एक सांगते. गार हवा रात्री सखल भागात उतरून साचते. अगदी पाण्यालगत आणि दहा-पंधरा पायऱ्या वर, यात अंगाला कळेल इतका फरक आहे. शिवाय खाली दव इतकं पडतं की सकाळी पांघरूण पिळावं.

आता चालण्याचं. मोरटक्क्यापर्यंतचा पहिला दिवस उत्साहात गेला आणि तिथेच चूक झाली. आम्ही त्यापुढेही चाललो. तयारी म्हणून तीन महिने उपवनहून येऊरला चालत होते, पण रिकाम्या हाताने आणि डांबरावरून. इथे काळी माती. गव्हाला पाणी सोडलेलं असतं, ते पायवाटेवर येतं, बुटाला मातीचे थर चढतात आणि पाय किलोकिलोने जड होतो. तिसऱ्या दिवशी उजव्या टाचेला फोड. बूट घेताना दुकानदाराने 'नेहमीचंच माप घ्या' सांगितलं होतं. दिवसभर वजन घेऊन चालल्यावर पाय सुजतो, एक माप मोठंच हवं होतं. चौथ्या दिवशी डावा गुडघा बोलायला लागला.

त्याच पट्ट्यात रावेरखेडी आहे. थोरल्या बाजीरावांची समाधी. २८ एप्रिल १७४० ला ते इथे गेले, चाळिशीही झाली नव्हती. मी शाळेत बत्तीस वर्षं इतिहास शिकवला, पालखेडची मोहीम दरवर्षी फळ्यावर काढली. तोफा आणि बाजारबुणगे मागे ठेवून हलक्या घोडदळानिशी केलेल्या हालचाली हेच त्यांचं बळ, हे वाक्य किती वेळा उच्चारलं असेल. त्या समाधीपाशी सॅक उतरवली तेव्हा खांद्यांवर पट्ट्यांचे लाल वळ होते. बराच वेळ बसून राहिले. गहिवरून आलं, ते त्यांच्यासाठी होतं आणि थोडं स्वतःसाठीही. त्या संध्याकाळी पहिल्यांदा सगळी सॅक जमिनीवर ओतली आणि एकेक वस्तू हातात घेऊन बघितली. लाडू-चिवडा तिथल्या मुलांना वाटला. घरून आणलेल्या खाण्याची इथे गरजच नाही. दुपारी दाल-टिक्कड, रात्री खिचडी, वाटेत कुणीतरी दारातून हाक मारतं, "कितनी मूर्ती हैं?" म्हणजे किती जण आहात, आणि चहा येतो. स्वतःच्या शेतावर मिरची तोडून दमलेल्या बाईने आम्हाला बसवून पाय शेकायला गरम पाणी दिलं. तिचं ऋण कसं फेडायचं ते मला माहीत नाही.

नावडातोडीहून पलीकडे महेश्वरचे घाट दिसले. अहिल्याबाईंचा वाडा, दगडी पायऱ्या, संध्याकाळची आरती, सगळं समोर, आणि नदी ओलांडायची नाही हा नियम. उत्तर तटाने परतताना त्या पायऱ्यांवर बसायचं, असं दोघींनी ठरवलं. नावडातोडीलाच पुरातत्त्वज्ञ सांकलियांच्या नेतृत्वाखाली १९५० च्या दशकात उत्खनन झालं, ताम्रपाषाण काळातली वस्ती सापडली. मी ते टेकाड शोधत अर्धा तास फिरले, बहीण वैतागली.

आणि काल हा पूल. पुलावरून ट्रक चाललेत, आणि हा रस्ता आपला आहे हो. मुंबई-आग्रा. ठाण्यात ज्याला आपण आग्रा रोड म्हणतो तोच. आठ दिवस दुखरा पाय ओढत इथे यावं आणि समोर थेट घराकडे जाणारा रस्ता असावा. काल संध्याकाळी महाराष्ट्राची पाटी असलेली बस गेली आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बहीण काही बोलली नाही, नुसती शेजारी उभी राहिली.

परत फिरणार नाही. पण पुढे शूलपाणीची झाडी, म्हणजे सातपुड्यातलं जंगल आहे, चढउतार आहेत. प्रश्न असा : स्लीपिंग बॅग (१ किलो ९००) इथूनच घरी पाठवू का? सगळ्यात जड वस्तू तीच. आणि गुडघ्याचं काय करू?

---

येऊरची_वाट | २८ डिसेंबर, दुपारी ३:०२

ताई, सलग दोनदा वाचलं. पुढच्या वर्षी निघायचा विचार आहे, वाचनखूण साठवली. सरावाबद्दल लिहिलंत ते मनावर घेतलं. मीही येऊरला रिकाम्या हाताने जातो. आजपासून सॅकमध्ये तांदळाची पिशवी भरून जाणार. एक विचारतो, फोडावर काय केलंत?

---

तलावपाळी | २८ डिसेंबर, दुपारी ३:३०

फोडाची कातडी काढली नाही. फुगून चालता येईना तेव्हा सुई ज्योतीवर धरून, कडेला बारीक भोक पाडून पाणी काढलं, जंतुनाशक लावलं, वर स्वच्छ पट्टी. पण खरी गोष्ट त्याच्या आधीची आहे. टाच गरम लागायला लागली, चुरचुरली, की त्याच क्षणी थांबून चिकटपट्टी लावायची. मी 'पुढच्या गावात बघू' म्हणाले आणि पुढचं गाव चार किलोमीटर होतं. आता आत पातळ मोजा, वर जाड मोजा असे दोन घालते. आणि झोपायचे मोजे वेगळे ठेवलेत, ते घालून एक पाऊलही चालत नाही, म्हणजे रात्री कोरडे मिळतात. मधुमेह असेल तर फोडाला स्वतः हात लावू नये, दवाखाना गाठावा.

---

जुना_वाटसरू | २८ डिसेंबर, संध्याकाळी ६:४५

नर्मदे हर. दोनदा पायी झाली आहे, म्हणून थोडं अधिकाराने सांगतो. स्लीपिंग बॅग पाठवू नका.

सध्या तुम्ही निमाडच्या सपाटीवर आहात. बडवानीनंतर सातपुड्यात शिराल, मग आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, धडगावच्या बाजूला. तोरणमाळचा डोंगर तिकडचाच. जानेवारीत तिथे रात्र निमाडपेक्षा कडक असते, आणि मुक्कामाला पक्की खोली मिळेलच असं नाही. लोक प्रेमाने घरात घेतात, पण घर कुडाचं असतं, भिंतींतून वारा येतो आणि त्यांच्याकडेच पांघरुणं मोजकी असतात. त्यांच्या वाटची गोधडी आपण घ्यायची नाही. पूर्वी झाडीत परिक्रमावासींना लुटायचे, अंगावरचं कापडही राहायचं नाही. आज तोच समाज घरी बोलावून जेवू घालतो. तेव्हा आपली ऊब आपण न्यावी.

स्लीपिंग बॅग ठेवा, जॅकेट पाठवा. चालताना जॅकेट लागत नाही आणि झोपताना बॅग आहे. मधल्या दोन तासांसाठी स्वेटर आणि शाल पुरते. आणि दोन लिटर पाणी कशाला? या पट्ट्यात गावं जवळ आहेत, एक लिटर बास. झाडीत शिरताना पुन्हा दोन करा.

आणखी एक. सरदार सरोवराचं पाणी मागे बडवानीच्या बाजूपर्यंत चढलेलं असतं. जुनी काठाची वाट अनेक ठिकाणी पाण्याखाली गेली. ठीकरी-अंजडच्या बाजूने रस्त्यानेच जावं लागेल. डांबर आहे, गुडघ्याला ते मातीपेक्षा कठीण. तिथे रोजचं अंतर कमी ठेवा.

---

खाडीपलीकडे | २८ डिसेंबर, रात्री ८:१०

मी घोंगडीच्या बाजूने बोलणार. आमचे आजोबा माणदेशातले, मेंढरांमागे सहा महिने रानात. एक घोंगडी : अंथरूण, पांघरूण, पावसात खोळ, ओझ्याखाली चुंबळ. लोकर दवाने ओलसर झाली तरी ऊब धरते. स्लीपिंग बॅगचा कापूस ओला झाला की संपलं. आणि चुलीजवळ बसलं, ठिणगी उडाली, तर त्या कृत्रिम कापडाला लगेच भोक. घोंगडीला काही होत नाही.

---

जुना_वाटसरू | २८ डिसेंबर, रात्री ८:३२

घोंगडीबद्दल आदरच आहे, माझी पहिली परिक्रमा तिच्यावरच झाली. पण चांगली घोंगडी अडीच-तीन किलोच्या खाली येत नाही, आणि एकदा पूर्ण भिजली की दुप्पट जड. ताईंच्या गुडघ्याचा प्रश्न आहे. ओलाव्याचं मात्र तुमचं खरं. ताई, बॅग सॅकमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत घालूनच ठेवा आणि रोज दुपारी जेवणाच्या थांब्यावर अर्धा तास उन्हात पसरा. रात्रभराचा घाम आणि दव त्यात मुरतं. न वाळवता तीन रात्री वापरली की चौथ्या रात्री ती गारच लागते.

---

नेरूळ_पूर्व | २८ डिसेंबर, रात्री ९:१५

मी फिजिओथेरपिस्ट आहे. गुडघा न बघता निदान करता येत नाही, करूही नये, पण काही गोष्टी विचारते. सूज आहे का? चालताना गुडघा अडकतो किंवा एकदम सुटल्यासारखा वाटतो का? रात्री पडल्या पडल्या ठणकतो का? सकाळी दुखून अर्ध्या तासात मोकळा होतो का?

पहिल्या तिन्हींपैकी एक जरी 'हो' असेल तर पुढे जाऊ नका, ठीकरी किंवा बडवानीला डॉक्टरांना दाखवा. फक्त शेवटचं असेल तर ओझं आणि अंतर कमी करून पाहता येईल.

थंडीत लोक पहाटे पाचला उठून थेट चालायला लागतात. आखडलेल्या स्नायूंवर वजन पडतं. आधी दहा मिनिटं सॅकशिवाय जागच्या जागी पावलं टाका, पोटऱ्या ताणा. गुडघ्यावर लोकरी पट्टा किंवा जुन्या मोज्याचा कापलेला भाग चढवा. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. उतारावर पावलं लहान.

आणि कळकळीने सांगते, वेदनाशामक गोळी रोज घेऊन चालू नका. थंडीत तहान लागत नाही, पाणी कमी प्यायलं जातं, आणि अशा अंगात या गोळ्या रोज गेल्या तर मूत्रपिंडावर ताण येतो. पाण्याचा अंदाज लघवीच्या रंगावरून घ्या, गडद झाली की पाणी कमी पडतंय.

---

तलावपाळी | २८ डिसेंबर, रात्री ९:५०

नेरूळ_पूर्व, सूज नाही, अडकत नाही, रात्री शांत असतो. सकाळी वीसेक मिनिटं दुखतो आणि मग सुटतो. गोळी तीन दिवस घेतली होती, आज घेतली नाही. पाण्याचं तुमचं अगदी खरं, कालच्या दिवसात मी जेमतेम लिटरभर प्यायले असेन. काठी मी दुखऱ्याच बाजूला धरत होते.

---

पहाटवारा | २९ डिसेंबर, सकाळी ५:४०

ताई, स्नानाबद्दल लिहिलं नाहीत. पहाटे मैयात स्नान, मग पूजा, मग चालणं, हा क्रम आहे. थंडीच्या भीतीने तो मोडू नये असं वाटतं. आणि पहाटे पाण्यावर वाफ दिसते, पाणी हवेपेक्षा कोमट असतं. एकदा उतरलं की थंडी वाजत नाही.

---

तलावपाळी | २९ डिसेंबर, सकाळी ७:२०

पहाटवारा, पाणी कोमट लागतं हे अगदी खरं. पहिले तीन दिवस तसंच केलं. त्रास पाण्यात नाही, बाहेर आल्यावर आहे. आम्हा दोघींचे केस लांब, ते सकाळी वाळत नाहीत, ओल्या केसांवर टोपी घालून चाललं की डोकं जड होतं. चौथ्या दिवशी बहिणीला ताप भरला. तेव्हापासून पहाटे हातपाय धुऊन, आचमन करून पूजा-आरती करतो आणि बारा वाजता उन्हात मनसोक्त स्नान. त्याच वेळी कपडे धुतो, ते सॅकवर वाळत वाळत पुढच्या गावाला पोचतात. एका आश्रमातल्या म्हाताऱ्या साधूंना मी घाबरत विचारलं होतं. ते म्हणाले, मैया दुपारीही तीच असते.

---

पहाटवारा | २९ डिसेंबर, सकाळी ७:४१

हे वाचून बरं वाटलं. बहिणीची काळजी घ्या. माझा आग्रह मागे घेतो.

---

मार्केटयार्ड | २९ डिसेंबर, सकाळी ८:०५

ताई, माझा वाशी मार्केटला लसूण-बटाट्याचा धंदा आहे. इंदूरहून माझ्या मालाची गाडी उद्या रात्री निघते, खलघाटच्या पुलावरूनच येते. तुम्हाला पोस्ट शोधत फिरायला नको. धामनोद बाजार जवळ आहे, पण तो पलीकडच्या काठावर, तुम्हाला पूल ओलांडता येणार नाही. जे पाठवायचं ते एका पिशवीत बांधून ठेवा. ड्रायव्हर पूल संपल्यावर दक्षिण बाजूला, रात्री साडेदहा-अकराला थांबेल. तुमच्या आश्रमातल्या कुणाच्या तरी हाती द्या, रात्री तुम्ही रस्त्यावर येऊ नका. परवा सकाळी पिशवी वाशीत, तुमच्या घरच्यांनी न्यावी. नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवतो. पैसे वगैरे विषय काढू नका, माझी आई परिक्रमेला जायची म्हणत राहिली आणि राहून गेलं.

---

तलावपाळी | २९ डिसेंबर, सकाळी ८:३०

दादा, काय बोलू. निरोप मिळाला. आणखी एक दिवस इथे थांबतो, गुडघ्यालाही विसावा होईल. तुमच्या आईंचं नाव निरोपात कळवा. रोज आरतीला घेईन.

---

येऊरची_वाट | ३० डिसेंबर, दुपारी १:१५

तांदूळ भरून येऊर केलं. सहा किलो. पाटोणपाड्यापर्यंत खांदे भरून आले. तेरा किलो घेऊन काळ्या मातीतून तुम्ही कशा चाललात, हे आता थोडं कळतंय. ताई, काय काय पाठवताय ते लिहा ना, आमच्यासारख्यांना उपयोग होईल.

---

तलावपाळी | ३० डिसेंबर, रात्री ९:२०

पिशवी बांधून आश्रमातल्या दादांकडे दिली. जॅकेट, एक स्वेटर, कपड्यांचे दोन जोड, जाड टॉवेल. टॉवेलऐवजी आता पंचा. सगळं मिळून तीन किलो. खाऊ आधीच वाटला होता, पाणी एक लिटर केलं. इथल्या धान्याच्या काट्यावर सॅक ठेवली : ७ किलो ८००. स्लीपिंग बॅग ठेवलीय, वाटसरूंचं ऐकलं. बहिणीची चटई तिला परत दिली आणि मला आश्रमातून खताच्या रिकाम्या गोणीत पेंढा भरून शिवलेली बिछायत मिळाली, ती झाडीपर्यंत पुरेल. पुढे तिथे बघू.

उद्या आठला, ऊन आल्यावर निघणार. आठ किलोमीटरच.

---

मार्केटयार्ड | ३१ डिसेंबर, सकाळी १०:४०

पिशवी पोचली. तुमचा मुलगा येऊन घेऊन गेला. जॅकेटच्या खिशात वाळलेल्या लाल मिरच्या निघाल्या, मूठभर. तो विचारत होता या कुणाच्या?

---

तलावपाळी | ३१ डिसेंबर, संध्याकाळी ६:०५

त्या गरम पाणी देणाऱ्या बाईंनी दिलेल्या. घरी आमटीत घाला म्हणून सांगा त्याला, दोनच घालायच्या, फार तिखट आहेत.

आज नऊ किलोमीटर झाले, डांबरावरून. गुडघा सकाळी पंधरा मिनिटं दुखला, मग गप्प. दुपारी स्लीपिंग बॅग शाळेच्या कुंपणावर वाळत घातली होती, पोरं येऊन आत शिरून बघत होती. बहिणीने त्यांना ओळीने बसवून ऐरोलीची खाडी आणि तिथे थंडीत येणारे रोहित पक्षी यांच्याबद्दल सांगितलं. आसन लागलंय, पऱ्हाट्यांची शेकोटी पेटलीय. रेंज इथे एकाच कोपऱ्यात येते, तिथे रांग आहे, म्हणून थांबते. नर्मदे हर.